दोह्यात ज्वारीला मोड आले तेव्हा

दोहा शहर माझ्या डोळ्यांदेखत बांधलं गेलं, हे मी सांगतो तेव्हा मंगळवेढ्यातले लोक एकमेकांकडे बघतात. बघू देत. फुटबॉलच्या विश्वचषकाला आठ महिने उरले होते आणि उरलेलं सगळं काम मी तिथे असतानाच उरकायचं, असं त्या लोकांनी ठरवलं होतं. जावई सकाळी ज्या रस्त्याने ऑफिसला जायचा, तिथे संध्याकाळी पूल उभा असायचा. एकदा त्याला उशीर झाला म्हणून फोन केला, तर म्हणाला, "बाबा, घर समोर दिसतंय, पण घराकडे येणारा रस्ता उचलून नेलाय." क्रेन तर इतक्या, की मी पहिल्या दिवशी मोजायला घेतल्या त्या तिसऱ्या दिवशी मोजून झाल्या, आणि तोवर निम्म्या दुसरीकडे गेल्या होत्या. मी फुगवून सांगत नाही. त्या गावालाच फुगायची सवय आहे.

पण मला सांगायचंय ते पुलांचं नाही, ज्वारीचं. कतारला जाऊन ज्वारीचं काय सांगणार, असं आमच्या हिने, म्हणजे नलूने, हे लिहायला बसलो तेव्हा विचारलंच. तिला सगळं माहीत असूनही विचारलं. यावरून आमच्या संसाराची कल्पना यावी.

अबू हमूर, रमजानला चौदा दिवस

आमची लेक शुभा अबू हमूरला राहते. तिकडे एका मोठ्या व्हिलाचे चार-पाच तुकडे करून भाड्याने देतात. एका तुकड्यात शुभाचं घर आणि भिंतीपलीकडे सुदानचं एक जोडपं, उस्मान आणि सौसन. मागचं अंगण दोघांत एक. उस्मानचं कॉलेज पुण्यात झालेलं, त्यामुळे पहिल्याच दिवशी सहा फूट उंचीचा तो गृहस्थ दारात उभा राहून म्हणाला, "काका, नमस्कार. काकू, चहा झाला का?" मी हातातली पिशवी खाली टाकली. सौसनला मराठी येत नव्हतं, पण तिचं हिंदी नलूच्या हिंदीपेक्षा बरं होतं. हे मी नलूसमोरही सांगतो.

चौथ्या दिवशी सकाळी चहाचा पेला घेऊन मी अंगणात आलो आणि जागच्या जागी थिजलो. भिंतीच्या सावलीत ओलं बारदान अंथरलेलं, त्यावर ज्वारी, आणि त्या ज्वारीला बोटभर कोंब फुटलेले. मुळ्या एकमेकींत गुंतून त्याची पांढरी-हिरवी गादी झालेली. दोन पावलांवर लेकरांच्या सायकली.

ज्यांच्या घरी जनावरं नाहीत त्यांना यात भिण्यासारखं काय ते कळायचं नाही. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की कोवळी ज्वारी म्हणजे विष. मी दहा वर्षांचा असताना कापणीनंतर पाऊस झाला, धसकटांना फुटवे आले आणि वडिलांचा पाखऱ्या बैल दावं तोडून त्या फुटव्यांत घुसला. अर्ध्या तासात आडवा झाला. त्याचे डोळे मला आजही दिसतात.

मी ठरवलं की टाकीचं पाणी गळून कुणाचं तरी धान्य भिजलंय, आणि लेकरांनी तोंडात घालायच्या आत याचा बंदोबस्त केला पाहिजे. सौसन मुलांना शाळेत सोडायला गेली होती. शुभा कामावर. मी एकट्याने ती गादी गुंडाळली, काळ्या पिशव्यांत भरली आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत नेऊन टाकली. पाचच मिनिटांत गाडी आली आणि पेटी उपडी करून गेली. कतारमध्ये इतर कुठल्याही कामाला 'इन्शाल्ला' म्हणतात. कचऱ्याची गाडी तेवढी वेळेवर येते.

"नलू," मी आत येऊन म्हणालो, "आज मी पंधरा माणसांचा जीव वाचवला."

"सकाळी सकाळीच?" ती म्हणाली.

तासाभराने अंगणातून सौसनचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. फोनवर कुणाशी तरी बोलत ती रडत होती. मग उस्मान ऑफिस टाकून आला, अंगण बघितलं, मला बघितलं.

"काका, इथे ज्वारी होती."

"होती. मी फेकली. विषारी होती."

उस्मान हळूच बारदानावर बसला. एवढा उंच माणूस असा घडी होऊन बसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

तेच अंगण, त्याच दिवशी

प्रकरण असं होतं. सुदानात रमजानच्या उपवासाला एक सरबत लागतं, हिलू-मुर्र. म्हणजे गोड-कडू. ज्वारीला कोंब आणायचे, वाळवायचे, दळायचे. ते पीठ ज्वारीच्याच आंबलेल्या पिठात कालवायचं, त्यात खजूर, चिंच, सुंठ, दालचिनी घालायची. मग तव्यावर पापडासारखे पातळ पापुद्रे भाजून ठेवायचे. संध्याकाळी ते पाण्यात भिजवले की सरबत तयार. ज्याच्या घरी ते नाही त्याच्या घरी रमजान आला असं कुणी मानत नाही.

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी दरवर्षी सौसनची आई ओमदुरमानहून हे पापुद्रे पाठवत आली होती. सौसन अर्धा कतार सांभाळेल अशी बाई, पण आईच्या लेखी तिला पाणी उकळता येत नव्हतं. यंदा सौसनने फोनवर सांगून टाकलं, पाठवू नकोस, मी करते. आई म्हणाली, बरं, मग मी येऊनच पिते. रमजानच्या आदल्या दिवसाचं विमानही ठरलं. आईने फक्त एक गोष्ट येणाऱ्या माणसाबरोबर धाडली, स्वतःच्या मडक्यातलं वाळवलेलं आंबवण. चाळीस वर्षं त्या घरात जिवंत असलेलं. सौसनने ते भिजवून जागं केलं होतं, नव्या पिठात घातलं होतं, मडकं बुडबुडत होतं. आणि आता त्यात कालवायचे कोंब मी कचऱ्याच्या गाडीत बसवून रवाना केले होते.

"पण ते विष?" मी विचारलं. माणसाने हरतानाही मुद्दा सोडू नये.

"अंकल," सौसन डोळे पुसत म्हणाली, "सुखाते हैं, खट्टा करते हैं, तवे पे जलाते हैं. ज़हर उड़ जाता है. मेरी नानी की नानी को मालूम था."

ज्वारीच्या कोठारात जन्मलेल्या माणसाला ओमदुरमानच्या नानीच्या नानीने आडवा केला होता.

खरी अडचण मडक्याची होती. आंबवण कुणासाठी थांबत नाही. नवे कोंब काढायला, वाळवायला निदान आठ दिवस हवेत. तोवर ते आंबट होत होत स्वतःच्याच आंबटपणात मरणार. दुसरं मागवायला वेळ नाही. उस्मान म्हणाला, "सुपरमार्केटमधलं यीस्टचं पाकीट टाकू. अम्माला काय कळतंय."

इथे मी उभा राहिलो. मी कोण, हे सांगायची वेळ आली होती. दूध संघाच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं विरजण सांभाळलं. अख्ख्या जिल्ह्याचं दही माझ्या एका बाटलीतून लागायचं. बाटली मेली तर सकाळी चार लाख लोक कोरडी भाकरी खातील, या धाकात मी स्वतःच्या लग्नालाही बाटली बरोबर नेली होती. (नलू म्हणते, ती बाटली सरबताची होती. तिचं ऐकू नका.)

"यीस्ट घालशील तर बिअर होईल," मी म्हणालो. "हेच कोंब, हेच आंबलेलं पीठ. त्यात यीस्ट शिरलं की आफ्रिकेत गावोगाव पितात ती ज्वारीची बिअर."

"मरीसा," उस्मान म्हणाला. "माझे आजोबा प्यायचे."

"इथे आजोबांच्या वाटेने जाऊ नकोस. मला विश्वचषकाचं मैदान बाहेरून बघायचंय, तुरुंग आतून नाही. आंबट करणारे जंतू वेगळे, चढवणारे वेगळे. या मडक्यात पहिल्यांचं राज्य राहिलं पाहिजे. ते माझ्याकडे द्या. आणि ज्वारीही मीच आणतो."

सौसनने मडकं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. ज्याने घर जाळलं त्याच्याच हाती बंब द्यावा का, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मग तिने मडकं पुढे केलं.

एशियन टाउन

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. जावयाने मला एशियन टाउनला नेलं. इंडस्ट्रियल एरियातला हा बाजार म्हणजे सुट्टीच्या दिवशी साऱ्या हिंदुस्तान-नेपाळ-बांगलादेशची जत्रा. तिथे हरवलो तर थेट सोलापूरच्या बाजारात निघेन अशी मला खात्री होती. कपात चमचा उभा राहील असा करक चहा प्यायलो आणि एका वाण्याच्या दुकानात ज्वारी दिसली. दुकानदार रत्नागिरीचा, मेहंदी लावलेल्या दाढीचा.

"चाचा, भाकरीला घेताय ना?"

"मोड आणायला."

त्याने हातातली पिशवी मागे घेतली. "मग राहू दे. ही चकचकीत दिसते ना, ती पॉलिश मारलेली हाय. वर गोदामात किती उन्हाळे काढलेत ते अल्ला जाणे. हिला मोड आणणं म्हणजे उकडलेलं अंडं कोंबडीखाली ठेवणं."

"तरी दोन किलो द्या."

"घेणारे तुम्ही, चाचा. कोंबडी भेटली तर माझा सलाम सांगा."

त्याचं खरं ठरलं. एक दिवस भिजवली, एक दिवस फडक्यात बांधली, तर मोडाऐवजी असा वास सुटला की शुभाने खिडक्या उघडल्या आणि समोरच्या व्हिलावाल्यांनी लावल्या. आमची नात इरा नाक धरून म्हणाली, "आबा, this is a biohazard." तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. या वेळी मलाही मराठीत काही सुचलं नाही.

उरला एकच उपाय, आणि तो नलूच्या पलंगाखाली होता. आम्ही निघताना घरची आठ किलो मालदांडी ज्वारी बरोबर आणली होती, शेतातली, त्याच सालची. पीठ आणलं नाही, कारण पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना फाटते. नलू रोज मूठ-दोन मुठी मिक्सरमध्ये दळून ताजी भाकरी करायची. हिशोब बरोबर तीन महिन्यांचा होता.

"सगळी लागेल," मी म्हणालो.

"तीन महिने भाकरीशिवाय?"

"राहीन मी."

"मी तुमचं विचारत नाहीये," नलू म्हणाली. आणि पलंगाखाली वाकून स्वतःच पोतं ओढलं. "त्या पोरीची आई येतेय. आई येणार म्हटल्यावर काय होतं ते तुम्हाला काय कळणार."

मुशैरिब, रमजानला नऊ दिवस

मालदांडीने अब्रू राखली. रात्रभर भिजवली, ओल्या बारदानात गुंडाळली, आणि दुसऱ्या सकाळी प्रत्येक दाण्याला सुईच्या टोकाएवढा पांढरा डोळा. सौसनने मूठभर हातात घेऊन उजेडात धरली आणि पहिल्यांदा हसली. पण लगेच म्हणाली, "अंकल, ये बहुत गोरी है. हमारी लाल होती है. कड़वापन उसी से आता है."

म्हणजे कडूपणाची चिंता नव्याने सुरू.

दर तीन तासांनी पाणी शिंपडायला हवं, आणि त्याच दिवशी उस्मानने मला मुशैरिब दाखवायचं कबूल केलेलं. दाणे कुणाच्या भरवशावर टाकणार? निम्मी ज्वारी नाइलाजाने नलूवर सोडली, निम्मी ओल्या टॉवेलात बांधून बरोबर घेतली. मेट्रोत माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. मुशैरिब म्हणजे इतकी स्वच्छ वस्ती, की तिथे सावलीसुद्धा इस्त्री करून टाकलेली वाटते. काचेच्या इमारती, मधून आवाज न करता जाणारी ट्राम, आणि एका बाकावर मी, टॉवेल सोडून ज्वारीवर पाणी शिंपडतोय.

सुरक्षारक्षक आला. तरुण, काळाभोर, कडक गणवेशातला. त्याने टॉवेलात डोकावून पाहिलं. मी मनातल्या मनात शुभाला जामिनाचा फोन लावला.

"सोर्गम," तो इंग्रजीत म्हणाला आणि टोपी काढून बाकावर बसला. तो युगांडाचा होता. त्याची आजी अशाच कोंबांचं एक आंबट पेय करते, पहिल्या दिवशी पोरांना, चौथ्या दिवशी म्हाताऱ्यांना. चौथ्या दिवसाचं सांगताना त्याने आजूबाजूला बघून आवाज खाली केला.

"जुनं मडकं कुणाकडे आहे?" त्याने विचारलं.

"माझ्याकडे. न्हाणीघरात, गिझरशेजारी."

"मग ठीक. जुन्याशिवाय नवं मडकं शिकत नाही." मग उठून त्याने टोपी चढवली आणि अगदी सरकारी आवाजात म्हणाला, "सर, इथे धान्य पेरायला परवानगी नाही." जाताना टॉवेलावर दोन थेंब शिंपडून गेला.

अबू हमूर, मडक्याचे दिवस

मडकं सांभाळणं म्हणजे तान्हं बाळ सांभाळणं, फक्त बाळ एवढं खात नाही. सकाळ-संध्याकाळ निम्मं काढायचं, तेवढंच ताजं ज्वारीचं पीठ आणि कोमट पाणी घालायचं. एसीत ठेवलं तर झोपतं, अंगणात ठेवलं तर पिसाळतं. सहाव्या दिवशी ते असं पिसाळलं की झाकण उचलून, परातीतून उतरून न्हाणीघराच्या दारापर्यंत आलं. जावई म्हणतो, ते सांडलं होतं. माझ्या मते ते फिरायला निघालं होतं.

काढलेल्या निम्म्याचं काय करायचं? नलूने त्याची धिरडी घातली. वासावर सौसन भिंतीपलीकडून आली, एक तुकडा तोडला आणि तव्याकडे बघत राहिली. यालाच आम्ही किस्रा म्हणतो, म्हणाली, पण कागदासारखी पातळ हवी. तिने खजुरीच्या पातीचा तुकडा आणून पीठ तव्यावर असं फिरवलं की पलीकडचं दिसावं. मग नलूने आंबील केली, ताक-लसणाची. उस्मान तीन वाट्या प्यायला आणि पुण्यात पाच वर्षं राहून हे कुणी दिलं नाही म्हणून त्याने सगळ्या पुण्याला नावं ठेवली. त्या आठवड्यात दोन्ही घरांत मिळून एकच चूल पेटायची.

कोंब वाळले. सौसनने एक दाणा चावला, दुसरा चावला. "मीठा है. बस मीठा." कडूसाठी काही घालू का, मी विचारलं. थोडी मेथी? तिने मान हलवली. घातलं तर आईला पहिल्या घोटाला कळेल. मग तिने निम्मे कोंब तव्यावर जरा करपेपर्यंत भाजले. आईने कधी केलं नव्हतं ते. पीठ मडक्यात कालवताना तिने तीनदा बिस्मिल्ला म्हटलं, आणि मडकं जिवंत ठेवणारा मी, मोठा विरजणवाला, तिच्यामागे उभा राहून नलूचा पदर मुरगाळत होतो.

पुढचे दोन दिवस सौसन तव्यासमोरून हलली नाही. घरभर करपलेल्या गुळाचा, चिंचेचा, ओल्या मातीचा वास. पापुद्र्यांची चळत झाली, काळसर तांबडी.

पहिला रोजा

सौसनच्या आई, हाज्जा नफीसा, आदल्या दिवशी उतरल्या. ठेंगण्या, पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेल्या, आणि आल्या आल्या घरभर हिंडून पडद्यांनाही धाक बसेल अशी नजर. पहिल्या रोजाला आम्हालाही बोलावलं होतं. सूर्य बुडाला, अजान झाली, खजूर झाला. मग सौसनने काचेच्या मोठ्या भांड्यातून सरबत ओतलं आणि पेला आईसमोर ठेवला. स्वतः बसली नाही.

म्हाताऱ्या बाईंनी घोट घेतला. थांबल्या. दुसरा घेतला. उस्मान माझ्या कानाशी भाषांतर करत होता.

"आंबट बरोबर आहे. माझंच मडकं आहे." सौसनने श्वास सोडला. "गोड जास्त आहे. कडू आहे, पण जळल्याचं आहे. ही ज्वारी कुणाच्या शेतातली?"

सौसन जमिनीकडे बघत होती.

"सांग त्यांना," मी उस्मानला म्हणालो, "ज्वारी माझ्या शेतातली. तिची चांगली लाल ज्वारी होती, ती मी फेकून दिली. पोरीची काही चूक नाही." आणि पाखऱ्या बैलाची हकिगतही सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट मी जेवढ्यास तेवढी सांगितली.

हाज्जांनी पेला खाली ठेवला. "कापणीनंतर पाऊस पडला होता?"

"हो."

"आमच्या दोन शेळ्या तशाच गेल्या. एका दुपारी." त्या माझ्याकडे नीट बघू लागल्या. मग लेकीकडे वळल्या आणि आवाज चढला. "कोंब उघड्या अंगणात ठेवलेस? पोरं खेळतात तिथे? मी तुला काय शिकवलं होतं? या माणसाने फेकले ते बरोबरच केलं."

मला एकदम बरं वाटलं आणि लगेच फार वाईट वाटलं. सौसनचे डोळे भरले होते. नलूने टेबलाखालून माझ्या पायावर टाच दिली, जणू हाज्जांना अरबीत मीच शिकवून ठेवलं होतं.

हाज्जांनी रिकामा पेला पुढे केला. "अजून दे."

सौसनने ओतलं. तो पेला त्यांनी एका दमात संपवला, आणि तिसरा मागितला. मग उस्मानला आतून निळी बॅग आणायला सांगितली. आदल्या दिवशी विमानतळावरून ती उचलताना त्याने विचारलं होतं, अम्मा, कपडे आहेत की दगड. त्या म्हणाल्या होत्या, कपडे.

बॅगेत लुगड्यात बांधलेलं एक मोठं गाठोडं होतं. गाठ सोडली तर आत हिलू-मुर्र, ओमदुरमानचं, घरचं, महिनाभर पुरेल एवढं. लेकीला जमणार नाही म्हणून त्यांनी गुपचूप करून आणलं होतं.

सौसनने गाठोडं बघितलं. मग आईकडे बघितलं.

म्हाताऱ्या बाईंनी गाठ पुन्हा घट्ट मारली आणि गाठोडं उचलून नलूच्या मांडीवर ठेवलं. "हे तुम्ही न्या," त्या म्हणाल्या. "तुमची भाकरी आम्ही प्यायलो. या घरी आता याची गरज नाही."

नलू नको नको म्हणायच्या आत सौसनने ते तिच्या मांडीवरून उचललं आणि आईचं मन बदलायच्या आत, चप्पलसुद्धा न घालता, पळत जाऊन आमच्या ओट्यावर ठेवून आली.